नाममात्र तरतूद

खोली बघायला गेले, तर त्या माणसानं मला आधी खोली दाखवलीच नाही. जिन्याखालच्या दारावर खिळ्याला अडकवलेला एक कागद दाखवला. "वाचा," म्हणाले. "मोठ्यांदा वाचा."

मी माळशिरसकडची. इथं सात रस्ता चौकात एका टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात नोकरी लागलेली, हातात एक बॅग, आणि सकाळपासून चार घरमालकांनी 'एकटी मुलगी नको' म्हणून परत पाठवलेलं. डोकं तापलेलंच होतं. तरी वाचला. जिन्यातल्या दिव्याचं बिल किती, त्यात मालकाचा वाटा किती, भाडेकरूचा किती, टाकी धुण्याची मजुरी किती, खराटा कितीला आणला. सगळ्यात खाली ताठ अक्षरात लिहिलेलं, 'हरकती व सूचना आठ दिवसांत कळवाव्यात.'

"काही हरकत?"

"खराटा महाग घेतलाय तुम्ही," मी म्हणून गेले. माझं तोंडच तसं आहे. आमची आई सगळ्या भावकीत सांगत फिरायची, हिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

तो माणूस माझ्याकडं बघत राहिला आणि मग आत तोंड करून ओरडला, "अगं, भाडेकरू मिळाली!"

शुक्रवार पेठेतल्या त्या घरावर आता दुसऱ्याच नावाची पाटी आहे. कट्टा फोडून तिथं गाडी लावायला जागा केलीय. मी त्या बोळातून सहसा जात नाही. गेलेच तर स्कूटीचा वेग वाढवते.

मी त्यांना काका म्हणायचे आणि ते मला 'भाडेकरू' म्हणायचे. "अहो भाडेकरू, पाणी आलं, उठा की!" अशी हाक पहाटे जिन्यातून यायची आणि गल्लीतली चार घरं हसायची. उंच, हडकुळा माणूस. शर्टाच्या खिशात कायम एक लाल पेन्सिल, दोन्ही बाजूंनी टोक केलेली. एक बाजू मोडली तर काम अडायला नको म्हणून.

उभी हयात त्यांनी सूतगिरणीत वजनकाट्यावर काढली होती. तिथली एक रीत त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली. सुताचं गाठोडं काट्यावर चढवलं की एकानं वजन मोठ्यांदा पुकारायचं आणि दुसऱ्यानं 'हूं' म्हणून वहीत लिहायचं. हूं आल्याशिवाय गाठोडं खाली उतरवायचं नाही. हूं आला नाही तर आकडा परत पुकारायचा. "आकडा एकट्यानं वाचायचा नसतो बघा," काका म्हणायचे. "एकट्यानं वाचला की त्यो मनासारखा व्हाया लागतो."

गिरणी कधीच बंद पडली, पण काका काट्यावरनं उतरले नाहीत. गॅसची टाकी आली की ती गल्लीत ताणकाट्याला टांगून, वजन पुकारून मगच घरात. भाजीवाल्या बायका त्यांना लांबूनच बघून तराजू पुसायला घ्यायच्या. "दाखवा की!" हा त्यांचा शब्द. रिक्षावाल्याला मीटर दाखवा की, औषधवाल्याला तारीख दाखवा की. "झाकायचं कशापायी? झाकतोय तवाच माणूस वास मारतोय," म्हणायचे. एकदा माझ्या दुकानाचे मालक मला सोडायला आले, तर त्यांनाही विचारलं, "हिला पगार देता त्याची पावती करता का? दाखवा की." मालक परत कधी त्या बोळात आले नाहीत.

पाडव्याला घराचं अंदाजपत्रक व्हायचं. हो, घराचं. काका, काकू आणि मी, तिघांची सभा. काका एकेक बाब वाचायचे आणि काकू शेंगा फोडत 'हूं' म्हणायच्या. पहिल्या वर्षी मी हरकत घेतली, गरम पाण्याच्या गीझरला तरतूद का नाही? काकांनी ती रीतसर लिहून घेतली, सुनावणीची वेळ दिली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा. सहाला मी खाली गेले तर काका इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले.

"भाडेकरूंचं म्हणणं काय?"

"थंडीत पाणी बर्फासारखं असतंय काका. मला रोज सकाळी शिंका येतात."

"हरकत फेटाळली. बंब हाय, सरपण हाय."

"आणि सरपण फोडायचं कुणी?" आतून काकूंचा आवाज आला. "तुमी? कंबर धरून बसताय दोन दिवस. द्या तिला गीझर."

"दोन विरुद्ध एक," मी म्हटलं. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि ठराव मंजूर केला. असा गीझर मी दुसऱ्या कुठल्याच भाड्याच्या घरात मिळवू शकले नसते.

पण घराचं अंदाजपत्रक ही नुसती उजळणी होती. खरं पारायण असायचं पालिकेच्या अंदाजपत्रकाचं. ते जाड पुस्तक मिळवायला काका डबा बांधून कचेरीत जायचे. 'प्रती संपल्या' म्हणाले तर बाकावर बसून राहायचे, दुपारी डबा खायचे, परत बसायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी वैतागून कपाटातली प्रत काढून द्यायचं. मग रोज संध्याकाळी घरापुढच्या कट्ट्यावर वाचन. सात ते साडेआठ, दहा-बारा दिवस. लोक पोथी लावतात तसं.

म्हणे पूर्वी कट्टा भरायचा. गिरणीतले जोडीदार, एक शाळामास्तर, कोपऱ्यावरचा बागवान फळवाला, असे सात-आठ जण हूं द्यायला बसायचे. मी गेले तोवर त्यातले काही वारले होते, काही लेकांकडं पुण्याला गेले होते, आणि उरलेले मोबाइलमध्ये घुसले होते. कट्ट्यावर एकट्या काकू. "भाडेकरू, तुमी हूं द्यायला बसा," काका म्हणाले. "जिन्याच्या दिव्याचा तुमचा वाटा माफ."

मी हसत हसत बसले. म्हटलं, चार दिवस गंमत. पण खरं सांगू? मलाच बरं वाटायला लागलं. दिवसभर दुकानात मी दुसऱ्यांचे अर्ज टाइप करायची. लोकांना माझा कीबोर्ड माहीत होता, मी नाही. वर खोलीत गेलं की भिंती. गावाकडनं फोन आला तर फक्त 'स्थळ बघितलंय' सांगायला. त्या कट्ट्यावर निदान कुणीतरी माझ्या हूंसाठी थांबत होतं.

"स्वागत कमानी, रंगरंगोटी व रोषणाई," काका पुकारायचे आणि आकडा सांगायचे.

"हूं."

"स्वागत कुणाचं? आमी तर हितंच हाय." आणि लाल पेन्सिलीची खूण.

"गटारी व चेंबरची झाकणं." आकडा. "मागच्या सालापेक्षा वाढवलंय की. शाबास!"

जाणारी-येणारी पोरं गाडी थांबवून चेष्टा करायची. "काका, आमच्या बोळात विमानतळ धरलाय का यंदा?" काका मान वर न करता म्हणायचे, "विमानाचं पुस्तक येगळं असतंय. उद्या ये, दाखवतो." पोरं फिदीफिदी हसत जायची. मला राग यायचा. मी एकदोघांना शिव्याही घातल्या. काका म्हणायचे, "जाऊ द्या. त्यांनी निदान इच्यारलं तरी."

वाचून झालं की ते कचेरीच्या आवक खिडकीवर दोन कागद द्यायचे. एक हरकतींचा, एक शाबासकीचा. चांगलं केलं त्याची शाबासकी लेखी द्यायची, असा त्यांचा नेम. खिडकीतल्या बाई पहिल्यांदा चक्रावल्या होत्या. "आजोबा, हरकतीची फाइल आहे. शाबासकी कुठल्या फाइलला लावू?" काका म्हणाले, "नवी उघडा की." ती फाइल उघडली गेली की नाही, देव जाणे. पण हरकतींच्या कागदाला मान होता. इथला एक पेपर त्यातल्या दोन-तीन हरकती 'जागरूक नागरिक' म्हणून छापायचा, आणि मग आठवडाभर गल्लीत त्यांची चर्चा चालायची.

आता काकूंचं सांगते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

काकू अक्कलकोटकडच्या. माहेरी कन्नड. मराठी बोलता बोलता मध्येच 'हौदु' म्हणायच्या, म्हणजे 'होय'. बोळाच्या तोंडाशी पालिकेची एक खोलीची बालवाडी होती, तिथं त्या ताई होत्या. मूलबाळ नव्हतं. म्हणून पेठेतली निम्मी पोरं त्यांच्या मांडीवर मुतलेली, असं त्या स्वतःच सांगायच्या आणि खळखळून हसायच्या. मग कधीतरी छताचा गिलावा पडला. पोरं घरी गेलेली होती, कुणाला लागलं नाही. 'दुरुस्ती होईपर्यंत बंद' म्हणून कुलूप लागलं. पोरं दुसरीकडं गेली आणि काकू घरी बसल्या. पुढं डोळ्यांचा पडदा गेला. माणूस आलं-गेलं एवढंच दिसायचं. पण बालवाडीतलं लाकडी ठोकळ्यांचं पोतं त्यांनी घरी आणून ठेवलं होतं. दरवर्षी पाडव्याच्या आधी ते ठोकळे धुऊन गच्चीवर उन्हात घालायच्या. हाताने चाचपून एकेक ओळीत लावायच्या, लाल-पिवळा आता कळत नव्हता तरी. "उघडल्यावर घाण ठोकळे द्यायचे का लेकरांस्नी?" म्हणायच्या.

काका आठ-नऊ दिवस वाचत असताना काकूंचे हूं सुपातल्या शेंगांकडं लक्ष ठेवूनच निघायचे. पण एक दिवस त्या सूप बाजूला ठेवायच्या, पदर नीट घ्यायच्या आणि भिंतीला टेकलेली पाठ सरळ करायच्या. त्या दिवशी शिक्षणाची पानं असायची. काका पुकारायचे, "बालवाडी इमारत दुरुस्ती, शुक्रवार पेठ. नाममात्र तरतूद. रुपये एक हजार फक्त."

"हौदु," काकू म्हणायच्या. त्या एकाच ओळीला हौदु, बाकी सगळ्यांना हूं.

मी पहिल्या वर्षी विचारलं होतं, "एक हजारात काय दुरुस्ती होणार? कुलूप तरी बदलेल का?"

"दुरुस्तीसाठी न्हवं ते," काकांनी समजावलं. "खर्च करायचा न्हाय, पण खातं बी मिटवायचं न्हाय, म्हणून एक हजार ठिवत्यात. नाव जितं ऱ्हातं. कधी पैसा आलाच, तर त्या नावापुढं मांडता येतोय."

"म्हंजे अजून त्यांच्या मनात हाय," काकू म्हणाल्या, आणि सूप परत मांडीवर घेतलं.

चौथ्या वर्षी कचेरीनं छापील प्रती देणं थांबवलं. पुस्तक संगणकावर टाकलंय, तिथं सगळ्यांना खुलं आहे, म्हणाले. काका घरी आले ते खांदे पाडून. "सगळ्यांस्नी खुलं म्हणे. आमच्या हिला कसं खुलं?" मी म्हटलं, अहो, मी कशाला मेलेय, माझा धंदाच तो आहे. मालकांना विचारून, कागदाचे पैसे भरून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुकानात मी ते पुस्तक छापायला घेतलं.

आणि तिथंच मला शहाणपण सुचलं. काकूंना पाडव्याला काहीतरी द्यावं असं मनात होतं. साडी त्यांना दिसणार नव्हती. म्हटलं, त्यांच्या बालवाडीची ती ओळ घेऊ, बोटाएवढ्या जाड अक्षरात मोठी करू, प्लॅस्टिकमध्ये बसवून देऊ. उजेडाला धरलं तर एखादं अक्षर तरी दिसेल. मी ओळ शोधायला लागले. त्या फायलीत नाव टाकून काही सापडत नाही, फॉन्टची बोंब असते. म्हणून पान पान बघितलं. शिक्षण बघितलं, इमारती बघितल्या, परत शिक्षण बघितलं. ओळ नव्हती.

मला वाटलं, माझंच पान सुटलं. मागच्या वर्षीचं पुस्तक जिन्याखालच्या ट्रंकेत होतं. काका पाणी भरत असताना मी ते काढलं. त्यातही नव्हती. त्याच्या आधीच्या वर्षी नव्हती. ट्रंकेच्या तळाशी जात राहिले. मी त्या घरात यायच्या दोन वर्षं आधीच्या पुस्तकात त्या पानावर ती बाब गाळलेली होती, आणि त्याच्याही मागच्या पुस्तकात मात्र होती, एक हजारासकट. बाकी प्रत्येक पानावर लाल खुणा. जिथून ओळ गेली होती त्या पानावर एकही खूण नाही.

म्हणजे मी तीन वर्षं नसलेल्या ओळीला हूं देत होते. मी ट्रंकेपाशीच फतकल मारून बसले. गिरणीतल्या काट्याचा माणूस, अख्ख्या शहराला 'दाखवा की' म्हणणारा, आणि आंधळ्या बायकोपुढं दरसाल खोटं वाचतो? मला इतका राग आला की त्या संध्याकाळी सगळं बोलून टाकायचं मी ठरवलंच होतं.

शिक्षणाचा दिवस आला. काकूंनी सूप बाजूला ठेवलं. पदर घेतला. मी छापलेले सुटे कागद काकांच्या मांडीवर. मी नजर रोखून बसले. बघू तरी, म्हटलं, काय करतात. काकांनी पान उलटलं. आवाज जरासुद्धा हलला नाही.

"बालवाडी इमारत दुरुस्ती, शुक्रवार पेठ. नाममात्र तरतूद. रुपये एक हजार फक्त."

"हौदु," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी बघितलं.

काका पुढं जाईनात. दुसरा हूं यायचा होता. चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघत होते. हे कागद कुणी छापलेत ते त्यांना ठाऊक होतं. मला काय ठाऊक आहे तेही त्यांना तेव्हाच कळलं असणार. इतका भ्यालेला म्हातारा माणूस मी कधी बघितला नव्हता.

"हूं," मी म्हटलं.

वाचन संपल्यावर ते जिन्यात थांबले. "सगळं पुस्तक त्यांचं हाय," हळू म्हणाले. "एक ओळ माझी."

"पण तुम्ही हरकत का नाही घेतली? कमानीच्या रंगाला भांडता!"

"घेतली असती तर पेपरात आलं असतं. पेपरात आलं की शेजारीण सांगत आली असती, अवं ताई, तुमची बालवाडी पुस्तकातनं काढली म्हणं." जिन्यातल्या दिव्याकडं बघत म्हणाले, "ती एक ओळ ऐकायला वर्सभर बसून असती वो ती."

मी तरी गप्प बसायला नको? "मग खोटंच सांगायचं होतं तर लाख तरी सांगायचे! हजार काय?"

"लाख सांगितले असते," काका म्हणाले, "तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून झाडू घिऊन गेली असती."

ज्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून माझी आई रडायची, त्या तोंडात ती गोष्ट मी ठेवली. काकूंना जाड अक्षरांचं काही दिलं नाही. शेंगांची चटणी कुटून दिली, ती पण तिखट झाली.

पुढच्या वर्षी होटगी रस्त्याकडं मी स्वतःचं दुकान काढलं आणि तिथंच मागं राहायला लागले. पहिल्यांदा दर रविवारी जायचे. मग महिन्यातनं एकदा. मग सणाला. कागद तेवढे न चुकता छापून पोचवायचे, पण हूं द्यायला थांबणं जमत नव्हतं. 'यंदा बसते हां काकू' म्हणायचे आणि निघायचे. पुढं दोन वर्षांनी थंडीत काकू गेल्या. चार दिवसांचा ताप. मला शेजारणीचा फोन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. चार दिवसांत मला एकदा बोलवलं नाही म्हणून मी काकांवर चिडले, आणि दोन वर्षांत मी किती वेळा गेले ते मग मोजलं.

त्या साली पुस्तक आलं तरी काकांचा फोन आला नाही. मी न सांगताच छापलं आणि एका संध्याकाळी गठ्ठा घेऊन गेले. कट्ट्यावर धूळ. काका आत खुर्चीत. दारावरच्या खिळ्याला कागद नव्हता. शेंगांचं सूप कोनाड्यात उभं करून ठेवलेलं.

"ठिवा तितं."

"वाचायचं नाही?"

"कुणाला?"

मला इतकं लागलं ते. "मी काय मेले का?" मी ओरडलेच. लगेच जीभ चावली. पण काका उठले. कट्टा स्वतः झाडला. मी सूप घेतलं आणि शेंगा फोडायला बसले. फोल आणि दाणे एकत्र करत होते, पण बसले.

रोज दुकान बंद करून यायचे. काका पुकारायचे, मी हूं द्यायचे. आवाज बारीक झाला होता. कमानी आल्या, तर 'स्वागत कुणाचं' म्हणाले नाहीत. चेष्टा करणारी पोरंही मोठी होऊन कामाधंद्याला लागली होती. बोळातून लोक जायचे ते आमच्याकडं न बघता. दोन माणसं कट्ट्यावर बसून शहराचा सगळा खर्च ऐकतायत आणि शहराला पत्ता नाही.

मग शिक्षणाचा दिवस आला. मी सूप बाजूला ठेवलं. का ते मलाही माहीत नाही, पण ओढणी नीट घेतली आणि पाठ सरळ केली. हूं तयार ठेवला होता. खोटं तर खोटं, म्हटलं, त्या माणसाची ती एक ओळ आहे, मी तिला हूं देणार.

काकांनी पान उलटलं. थांबले. आणि पुढची ओळ वाचली. "शालेय इमारती, रंगकाम."

"काका, एक राहिली."

"न्हाय राहिली. पुस्तकात न्हाय ती."

एवढं बोलून त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि त्या पानावर, जिथं ती ओळ असायला हवी होती त्या जागी, खूण केली. जोरात केली. टोक मोडलं. पेन्सिल उलटी फिरवली आणि दुसऱ्या टोकानं खूण पुरी केली. मग मला म्हणाले, "भाडेकरू, कोरा कागद हाय का?"

मला भाडेकरू म्हणायचं आता काही कारण नव्हतं. मी कागद दिला. त्यांनी लिहिलं आणि रीतीप्रमाणं मोठ्यांदा वाचून दाखवलं. 'हरकत क्रमांक एक. शुक्रवार पेठेतील बालवाडीच्या दुरुस्तीची तरतूद नऊ वर्षांपूर्वी पुस्तकातून काढली. का काढली, कुणाला विचारून काढली, ते दाखवावे.' हरकत क्रमांक दोन नव्हती. शाबासकीचा कागदही त्या वर्षी नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्कूटीवर मागं बसवून मी त्यांना कचेरीत नेलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. आवक खिडकीला रांग होती, बाकावर बसा म्हटलं तरी बसले नाहीत. खिडकीत त्याच बाई, आता केस पांढरे झालेल्या. "आजोबा, यंदा एकच कागद?" म्हणत त्यांनी हरकत वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हे तर नऊ वर्षांपूर्वीचं झालं. तुम्ही दरवर्षी येता. कमानीचा रंग सोडत नाही, गटारीचं झाकण सोडत नाही. आणि ह्यावर इतक्या वर्षांत एक अक्षर नाही? तेव्हाच का नाही विचारलंत आजोबा?"

"तवा घरात ऐकणारं माणूस हुतं," काका म्हणाले.

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी शिक्का मारला, पोच फाडून खिडकीतून पुढं सरकवली आणि 'पुढचे' म्हणाल्या. पण काका बाजूला होईनात. पोच डोळ्यांजवळ नेली, पाठ ताठ केली आणि काट्यावर उभं राहून पुकारावा तसा तिच्यावरचा आवक क्रमांक मोठ्यांदा पुकारला. अख्खी रांग बघायला लागली.

मी शेजारीच उभी होते. मला हूं म्हणायचं होतं.

काका थोडा वेळ थांबले. हूं आला नाही, म्हणून त्यांनी क्रमांक परत पुकारला.